स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाचा मेंदू वयाबरोबर कसा बदलतो?

सोलापुरात ज्यांना विशी-पंचविशीत स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय वाटणं, विचारांची संगती सुटणं असा मानसिक आजार झाला, अशी एक पिढी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत होते, त्या वर्षांत ही मुलं आजारी पडली. त्यांचे आईवडील आज पंचाहत्तर-ऐंशीचे आहेत. या घरांमध्ये दोन प्रश्न कायम असतात. पहिला, "आमच्यामागं ह्याचं कोण बघणार?" दुसरा प्रश्न ओपीडीच्या गर्दीत, डॉक्टरांसमोरून उठता उठता विचारला जातो. "वय वाढंल तसं ह्याचं डोकं आणखी बिघडत जाणार का ओ?"

पहिल्या प्रश्नाला एका लेखात उत्तर देता येणार नाही. दुसऱ्याबद्दल मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या मेंदू-संशोधनाने बरंच काही सांगितलं आहे, आणि घरोघरी जे गृहीत धरलेलं असतं त्यापेक्षा ते पुष्कळ आशादायक आहे. घरी गृहीत धरलेलं असतं ते असं, की हा मेंदू दरवर्षी थोडा थोडा झिजत जाणार आणि एक दिवस काहीच उरणार नाही. हा समज पक्का व्हायला एक कागद पुरतो. पेशंट चक्कर येऊन पडतो, एमआरआय काढला जातो, रिपोर्टमध्ये 'वयानुसार मेंदूची झीज' अशा अर्थाची एक ओळ असते आणि घरचे खचून जातात. तशी ओळ साठीच्या पुढच्या कितीतरी निरोगी माणसांच्या रिपोर्टमध्येही असते. साध्या एमआरआयवरून स्किझोफ्रेनियाचं निदानच होत नाही. गाठ, रक्तस्राव किंवा आणखी काही नाही ना, एवढं बघायला तो काढतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या वर होती. ढोबळ हिशेब केला तरी चौदा हजारांच्या आसपास माणसं आणि तितकीच घरं होतात. म्हणून हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे. त्यासाठी आधी मेंदूच्या भागांमधल्या जोडणीकडे बघावं लागतं, कारण या आजारात मुख्यतः तीच बिघडलेली असते.

जोडणी म्हणजे नेमकं काय

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. पण विचार करणं, बोलणं, आठवणं ही कामं एकट्यादुकट्या पेशीची नसतात. कपाळामागचा भाग, कानाशेजारचा भाग, मेंदूच्या मध्यावर असलेला थॅलॅमस हे सतत एकमेकांना निरोप देत-घेत असतात. हे निरोप जातात ते लांबलचक तंतूंमधून. त्यातल्या बऱ्याच तंतूंवर मायेलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं. त्याचा रंग पांढरा, म्हणून मेंदूच्या त्या भागाला पांढरा भाग म्हणतात. पेशींची दाटी असलेला भाग करडा दिसतो.

विशीतल्या माणसाच्या मेंदूतले मायेलिनचे सगळे तंतू एकापुढे एक ठेवले तर त्यांची लांबी दीड लाख ते पावणेदोन लाख किलोमीटर भरते. पृथ्वीला सुमारे चार वेढे बसतील इतकी. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये हा हिशेब मांडला, आणि त्यांनाच असंही दिसलं की ऐंशीव्या वर्षापर्यंत ही लांबी सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होते. हे आकडे कुठलाही मेंदूचा आजार नसलेल्या माणसांचे आहेत. वयाबरोबर जोडण्या कमी होणं हा सगळ्यांचाच वाटा आहे. पेशंटबाबत प्रश्न एवढाच उरतो, की त्याचा वाटा वेगळा आहे का, आणि असलाच तर कधीपासून.

मायेलिनमुळे निरोपाचा वेग वाढतो. उघड्या बारीक तंतूतून निरोप सेकंदाला एखाद-दोन मीटर जातो, जाड मायेलिन असलेल्या तंतूतून दहापट, पन्नासपट वेगाने. पण खरी गोष्ट वेगापेक्षा वेळेची आहे, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालवलेल्या माणसाला ती वेगळी सांगावी लागणार नाही. ताण्याचे धागे उघडतात त्याच क्षणी धोटा पार व्हावा लागतो. तो किंचित उशिरा सुटला तर मध्येच अडकतो आणि धागे तुटतात. सूत चांगलं असतं, धोटाही ठीक असतो. चुकलेली असते ती फक्त वेळ. स्किझोफ्रेनियात मेंदूचा एखादा भाग मेलेला किंवा सडलेला नसतो. भाग जागेवर असतात, त्यांच्यातल्या देवाणघेवाणीची वेळ आणि ताकद बिघडलेली असते. १९९५ मध्ये कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ या लंडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी हा विचार नेमकेपणाने मांडला आणि तेव्हापासून संशोधनाचा मोठा प्रवाह याच दिशेने गेला.

जोडणी मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिलीत तंतूंची घडण मोजतात. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकायला मायेलिन आणि तंतूची भिंत आड येते. खास प्रकारच्या एमआरआयमध्ये पाण्याची ही दिशा मोजली की तंतू किती नीट बांधलेले आहेत याचा अंदाज येतो. दुसऱ्या पद्धतीत तंतू बघत नाहीत, दोन भाग एकाच वेळी कामाला लागतात का ते बघतात. माणूस मशीनमध्ये नुसता पडून असतानाही मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयीत वर-खाली होत असतात, हे १९९५ मध्ये पहिल्यांदा दाखवलं ते अमेरिकेत काम करणाऱ्या भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने. पहिल्या मोजमापाला रचनेची जोडणी म्हणू, दुसऱ्याला कामाची जोडणी. दोन्ही वयाबरोबर बदलतात, पण एकाच पद्धतीने नाही.

आवाज कुठून येतात

वयाकडे वळण्याआधी थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण जोडणी बिघडली म्हणून माणसाला आवाज कसे ऐकू येतील, हे घरच्यांना पटत नाही. तो नाटक करतोय असं वाटतं, किंवा बाहेरचं काहीतरी लागलंय असं.

आपण बोलतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवून ठेवतो, की आता जो आवाज येईल तो आपलाच आहे. त्यामुळे ऐकणारा भाग स्वतःच्या आवाजाला कमी दाद देतो. मनातल्या मनात बोलतानाही असंच काहीतरी होत असावं, असं संशोधक मानतात. आता हा आगाऊ निरोप क्षणभर उशिरा पोचला तर? मनातला विचार ऐकणाऱ्या भागापर्यंत येतो, पण त्यावर 'आपला' असा शिक्का नसतो. मग तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना त्यांनीच बटण दाबून काढलेला आवाज ऐकवला. निरोगी माणसांचा मेंदू अशा आवाजाला कमी दाद देतो, पेशंटच्या मेंदूत ही दाद तितकी कमी होत नव्हती. पण बटण आणि आवाज यांच्यामध्ये ५० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं, तेव्हा पेशंटच्या मेंदूचा प्रतिसादही बराचसा सुधारला. म्हणजे निरोप निघत होता, फक्त उशिरा पोचत होता. एका सेकंदाचा विसावा हिस्सा, आणि त्यावर माणसाचं अख्खं जग उलटंपालटं होतं. हे वाचल्यावर तरी "मनावर घे, ठीक होईल" असं कुणी म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

फरक किती मोठा असतो

२०१८ मध्ये एनिग्मा या मेंदू-संशोधकांच्या जागतिक गटाने २९ अभ्यास एकत्र केले. त्यात १,९६३ पेशंट होते आणि २,३५९ निरोगी माणसं. पांढऱ्या भागातल्या तपासलेल्या २५ जागांपैकी २० जागांवर पेशंटमध्ये तंतूंची बांधणी थोडी सैल आढळली. बिघाड एका ठिकाणी नव्हता, जवळजवळ सगळीकडे पसरलेला होता. कपाळाकडे जाणारे तंतू आणि मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा मधला पट्टा इथे तो जास्त होता.

पण 'थोडी' हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. एक पेशंट आणि एक निरोगी माणूस अशा चिठ्ठ्या टाकून शंभर जोड्या काढल्या, तर साधारण साठ जोड्यांत पेशंटचा आकडा कमी निघेल. उरलेल्या चाळीस जोड्यांत निरोगी माणसाचा आकडा कमी असेल. म्हणूनच या स्कॅनवरून कुणा एकाबद्दल काही ठरवता येत नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. औषधाचा डोस आणि तंतूंची बांधणी यांचा ठळक संबंध सापडला नाही. गोळ्यांनीच मेंदू पोखरला, असं म्हणून ज्या घरांत औषधं बंद होतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. औषधांचा मेंदूवर परिणामच होत नाही असं मात्र याचा अर्थ कुणी घेऊ नये. माकडांना दीर्घकाळ ही औषधं दिल्यावर मेंदूचं आकारमान काहीसं कमी झाल्याचं दिसलेलं आहे. म्हणून डोस जितका लागतो तितकाच ठेवणं आणि तो वेळोवेळी तपासून घेणं हे योग्यच आहे. औषध सोडल्यावर आजार उलटण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो.

विशीतच का

मेंदूत मायेलिन चढण्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. दिसणं, ऐकणं, हातपाय हलवणं या कामांचे तंतू बालपणीच तयार होतात. कपाळामागच्या भागाचे, म्हणजे नियोजन, संयम आणि विचारांची संगती सांभाळणारे तंतू सगळ्यांत शेवटी, पार तिशीपर्यंत तयार होत राहतात. त्याच सुमारास करड्या भागात उलट काम चालू असतं. लहानपणी गरजेपेक्षा जास्त तयार झालेल्या पेशीपेशींमधल्या गाठी, ज्यांना सिनॅप्स म्हणतात, त्या किशोरवयात छाटल्या जातात. वापरात असलेल्या राहतात, बाकीच्या जातात.

स्किझोफ्रेनिया सहसा सुरू होतो तो याच वयात. मुलांमध्ये अठरा ते पंचविशीच्या आसपास, मुलींमध्ये काही वर्षं उशिरा. स्त्रियांमध्ये पंचेचाळिशीच्या सुमारास आणखी एक लहानशी लाट दिसते. ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा अंदाज अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच मांडला होता. २०१६ मध्ये त्याला जनुकीय बळ मिळालं. सी-फोर नावाच्या जनुकाची काही रूपं ज्यांच्यात आहेत त्यांना या आजाराचा धोका किंचित जास्त असतो, आणि हेच जनुक सिनॅप्सच्या छाटणीत भाग घेतं, असं हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवलं.

म्हणजे आजार पहिल्यांदा दिसतो तेव्हा जोडण्यांमधला फरक पडायला सुरुवात झालेली असते. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, एकही गोळी न घेतलेल्या मुलांच्या स्कॅनमध्येही तो दिसतो. आईवडिलांना यातून एक दिलासा मिळावा. परीक्षेतलं अपयश, मोडलेलं प्रेम, घरातली भांडणं हे फार तर ठिणगीचं काम करतात. त्यांनी आजार तयार केलेला नसतो.

कामाची जोडणी मात्र या काळात वेगळंच चित्र दाखवते. आजार नुकताच सुरू झालेल्या, औषध न घेतलेल्या काही पेशंटमध्ये कपाळामागच्या भागाची कामाची जोडणी कमी नव्हे, जास्त आढळली, आणि पुढे लक्षणं उतरली तशी ती काहींमध्ये सर्वसाधारण पातळीकडे आली. जुन्या पेशंटमध्ये बहुतेकदा उलट दिसतं. कपाळामागच्या भागाचा थॅलॅमसशी संपर्क कमी झालेला असतो, तर थॅलॅमसचा ऐकण्या-स्पर्शाच्या भागांशी संपर्क वाढलेला असतो. 'या आजारात जोडणी कमी होते' असं एका वाक्यात म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. कोणत्या भागांची, आणि आजाराच्या कितव्या वर्षी, हे विचारावं लागतं.

पहिली पाच वर्षं

माझ्या मते वय आणि स्किझोफ्रेनिया याबाबतचा सगळ्यांत महत्त्वाचा निष्कर्ष नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांचा आहे. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी संगणकाला शेकडो निरोगी मेंदूंचे स्कॅन दाखवून वय ओळखायला शिकवलं आणि मग पेशंटचे स्कॅन दिले. यात करड्या भागाचं मोजमाप होतं, थेट तंतूंचं नव्हे. पेशंटचे मेंदू त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी ३.३६ वर्षांनी मोठे दिसले. मग त्याच माणसांचे काही वर्षांनी पुन्हा स्कॅन काढले. तेव्हा कळलं की हे अंतर वाढण्याचा वेग सारखा नसतो. आजार सुरू झाल्यावर लगेच मेंदूचं वय एका वर्षात सुमारे अडीच वर्षांनी वाढत होतं. हा वेग उतरत गेला आणि साधारण पाच वर्षांनी एका वर्षाला एक वर्ष, म्हणजे तुमच्या-माझ्या मेंदूइतका झाला.

आता याच्या शेजारी एक जुनी गोष्ट ठेवून बघा. स्वित्झर्लंडमध्ये मानफ्रेड ब्लॉयलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २०८ पेशंट वीस वर्षांहून जास्त काळ स्वतः पाहिले आणि १९७२ मध्ये त्याचा वृत्तांत छापला. त्यांच्याकडे स्कॅन नव्हते, होतं ते पेशंटशी बोलणं आणि नोंदवही. त्यांचा निष्कर्ष असा, की सरासरी पाच वर्षांनंतर आजार पुढे वाढत नाही, उलट सुधारणेकडे झुकतो. एकाने मेंदू मोजला, दुसऱ्याने माणूस पाहिला, आणि दोघांनाही पाचच वर्षांचा काळ सापडला. मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत, तेव्हा ताणून अर्थ काढायचा नाही, पण हा मेळ मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्यातून आपल्याकडे लागू होणारी गोष्ट कडू आहे. ही सुरुवातीची वर्षं आपल्याकडे कशात जातात? बाहेरचं झालंय म्हणून उताऱ्यात, एका देवस्थानातून दुसऱ्या देवस्थानात, आणि मग लग्न लावून दिलं की सुधारेल या आशेत. अक्कलकोटला, तुळजापूरला जाणाऱ्या घरांची श्रद्धा मला खोटी वाटत नाही. तिने लोकांना उभं ठेवलं आहे. पण दर्शनाच्या दिवशीसुद्धा गोळी चुकवायची नसते. उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो तितका पुढचा निकाल वाईट होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

चाळिशीनंतर

पांढऱ्या भागातल्या तंतूंची बांधणी सगळ्यांमध्येच तिशी-चाळिशीच्या दरम्यान सगळ्यांत चांगली असते, मग हळूहळू सैल होते. सगळ्यांत शेवटी तयार झालेले कपाळामागचे तंतू आधी उतरू लागतात. कामाच्या जोडणीतही बदल होतो. तरुण मेंदूत पाहण्याचं, हालचालींचं, लक्ष देण्याचं जाळं आपापलं काम वेगळं राखून असतं. वयाबरोबर या जाळ्यांमधल्या सीमा पुसट होत जातात.

स्किझोफ्रेनियात ही उतरण जास्त वेगाने होते का? इथे संशोधकांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की पेशंटमध्ये तंतूंची बांधणी वयाबरोबर निरोगी लोकांपेक्षा जास्त वेगाने सैल होते. इतर काही अभ्यासांत मात्र दोन्ही रेषा समांतर निघाल्या. म्हणजे सुरुवातीला पडलेलं अंतर तेवढंच राहिलं आणि पुढे दोघांचंही वय सारख्याच गतीने वाढत गेलं.

या मतभेदाचं मोठं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक अभ्यास एकाच वेळी वीस, चाळीस आणि साठ वर्षांच्या वेगवेगळ्या माणसांचे स्कॅन काढून त्यावरून वयाची रेषा आखतात. पण आजचा साठीचा पेशंट आजच्या विशीतल्या पेशंटचं भविष्य नाही. तो आजारी पडला तेव्हा औषधं वेगळी होती, उपचार उशिरा मिळाला, कदाचित वर्षानुवर्षं मिळालाच नाही. शिवाय स्कॅनच्या वेळी डोकं जरा जास्त हललं तरी जोडणी कमी असल्यासारखी दिसते, हे २०१२ मध्ये स्पष्ट झालं, आणि त्याआधीचे कितीतरी निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. म्हणून 'स्किझोफ्रेनियात मेंदू लवकर म्हातारा होतो' असा मथळा वाचला की आधी बघायचं, एकाच माणसाला वर्षांच्या अंतराने मोजलं आहे का.

एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने १८९० च्या दशकात या आजाराचं वर्णन केलं तेव्हा तो बुद्धी उतरत जाणारा आजार मानला. त्याची चूक समजण्यासारखी होती. जे बरे होत ते घरी जात आणि पुन्हा दिसत नसत. इस्पितळात राहत ते सगळ्यांत जास्त आजारी असलेले, आणि डॉक्टरच्या डोळ्यांसमोर रोज तेच. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १९५० च्या दशकात वर्षानुवर्षं वॉर्डात खितपत पडलेल्या पेशंटना पुनर्वसन करून घरी पाठवलं होतं. सरासरी ३२ वर्षांनी कोर्टने हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना शोधून काढलं. १९८७ मध्ये छापलेल्या त्या अहवालात निम्म्याहून अधिक, काही मोजमापांनी दोन-तृतीयांश माणसं बरीच सुधारलेली होती.

पुण्यात वैद्यकशास्त्र शिकलेले आणि पुढे सॅन दिएगोला काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ दिलीप जेस्ते यांनी अशा उतारवयातल्या पेशंटचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांना आढळलं ते विलक्षण आहे. शरीर इतरांपेक्षा लवकर थकतं. स्मरण आणि आकलन सुरुवातीपासून कमी असलं तरी बहुतेकांमध्ये ते इतरांच्याच गतीने उतरतं. आणि मनाची अवस्था वयाबरोबर अनेकदा सुधारते. आवाज कमी होतात किंवा त्यांच्यासोबत राहणं जमू लागतं, संशय निवळतो, औषध नियमित घेतलं जातं. ज्या मुलाने पंचविशीत घर डोक्यावर घेतलं, तोच पंचावन्नाव्या वर्षी आईच्या बीपीच्या गोळ्या आठवणीने देतो, अशी घरं आपल्याही आसपास आहेत.

शरीर आधी थकतं

हा मला सगळ्यांत कळकळीने सांगायचा भाग आहे. स्किझोफ्रेनिया असलेली माणसं सरासरी दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि बहुतेकदा हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसांचे आजार, संसर्ग यांनी. मधुमेहाचं प्रमाण त्यांच्यात दुपटीच्या आसपास आहे. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. दिवसदिवस घरात बसून राहणं आहेच, वर बिडी आणि तंबाखू. आता हे बघा, की वाढलेली साखर, वाढलेलं बीपी आणि धूम्रपान हे कुणाच्याही मेंदूतल्या पांढऱ्या भागाचे नेमके शत्रू आहेत, कारण तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्यांनी बिघडतात. उतारवयात पेशंटच्या जोडण्यांमध्ये जो जास्तीचा बिघाड दिसतो, त्यातला काही वाटा या गोष्टींचा आहे. आणि हा वाटा आपल्या हातातला आहे.

मानसोपचाराच्या फाइलवर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, वजन आणि कंबरेचा घेर यांच्या नोंदी वर्षातून एकदा तरी असायलाच हव्यात. नसतील तर घरच्यांनी विचारावं, त्यात कसला संकोच. व्यायामाचा तर थेट पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या पेशंटना आणि निरोगी लोकांना सहा महिने सायकलिंग करायला लावलं, तेव्हा दोन्ही गटांत तंतूंची बांधणी सुधारली. न करणाऱ्यांची सुधारली नाही. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने किंवा होम मैदानावर रोज सकाळी भराभर चालणं कुणालाही जमण्याजोगं आहे. पेशंटला "जा, फिरून ये" म्हणून तो जाणार नाही. सोबत जावं लागतं.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर जाणून घ्यावी. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. म्हणून कुणी अचानक ओढणं सोडलं तर त्याच डोसमध्ये औषधाची रक्तातली पातळी वाढते, गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. सोडायचीच, पण डॉक्टरांना सांगून, म्हणजे ते डोस कमी करतील. तंबाखू किंवा मावा खाण्याने असा परिणाम होत नाही, पण तोंडाचा कर्करोग आहेच.

हातपाय कापू नयेत, अंग आखडू नये म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी आपल्याकडे कित्येकांना वर्षानुवर्षं चालू असते. तिचा उतारवयात स्मरणशक्तीवर परिणाम होतो. विसरभोळेपणा वाढला तर तो आजारामुळेच असं न धरता, ही गोळी अजून लागते का हे डॉक्टरांना विचारावं. मनाने बंद मात्र करू नये. तीच गोळी घामही कमी करते, आणि मानसोपचाराची इतर काही औषधं शरीराचं तापमान राखण्याच्या यंत्रणेत अडथळा आणतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा हे गंभीर होतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. दुपारी पत्र्याखाली बसू देऊ नये, तहान लागली नाही म्हणाला तरी पाणी, ताक देत राहावं. अंग तापलेलं, कोरडं आणि बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना गाठावा.

शेवटी एक फरक ओळखायला शिका. जोडण्यांमधले वयाचे बदल वर्षांच्या गतीने होतात. साठीचा पेशंट दोन-चार दिवसांत अचानक गोंधळला, वेळ-जागा विसरला, दिवसा झोपून रात्री भ्रमात बोलू लागला, तर ते मेंदूचं म्हातारपण नसतं आणि बऱ्याचदा स्किझोफ्रेनियाही नसतो. लघवीचा संसर्ग, साखर खूप कमी किंवा जास्त होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, औषधांची सरमिसळ ही त्याची नेहमीची कारणं आहेत आणि त्यावर उपचार होतात. अशा वेळी सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात नेताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत आणि "ह्याला आधीपासून आहे" एवढंच न सांगता, "हे तीन दिवसांत झालं" असं स्पष्ट सांगावं. रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.